मांडीवर बसवलेला लॉर्ड

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी एक प्रकरण डोक्यातून जात नाही. तेव्हा मी नायगाव भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका दुपारी ठाण्यात एका बाईचा फोन आला, मीच उचलला. नाव सांगायला तयार नव्हती. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरी लग्न आहे, नवरदेव स्वतःला इंग्रज लॉर्डचा वंशज म्हणवतो, त्याला तपासा, एवढं बोलून तिने फोन ठेवला. ठाणे अंमलदार हसला. मी मात्र स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली. थट्टा करणाऱ्याचा आवाज असा रडवेला नसतो.

मी त्या घरी गेलो. मुलीचे वडील माजी सरपंच. बैठकीच्या भिंतीवर सिंह आणि मुकुट छापलेली वंशावळ फ्रेम करून लावली होती. सगळ्यात वर लॉर्ड, सगळ्यात खाली त्यांचा होणारा जावई. लंडनला या वंशावळीत मुलीचं नाव चढवायचं म्हणून जावयाने त्यांच्याकडून सोनं नेलं होतं. तुम्ही काय चौकशी केली, असं मी विचारलं. "इंग्रजाचं घराणं हाय साहेब. त्यात काय बघायचं?" ते म्हणाले. याच गृहस्थांनी आधीच्या स्थळांचं आजोळसुद्धा उकरून काढलं होतं.

मी फ्रेमचा फोटो काढला आणि ठाण्यात बसून इंटरनेटवर या घराण्यांची माहिती वाचली. वंशावळीच्या बाबतीत ही मंडळी आपल्यापेक्षा कडक. किताब जातो थोरल्या औरस मुलाकडे. धाकटे कोरडेच राहतात, दत्तकाला तर थाराच नाही. आणि या फ्रेममध्ये निजामाच्या काळात इंग्रजांच्या छावणीत आलेला नवरदेवाचा गोरा पणजोबा दत्तक जाऊन लॉर्ड झालेला.

नवरदेवाला ठाण्यात आणलं. तो लातूरचा निघाला. घारे डोळे, फर्डं इंग्रजी. कायद्याची धमकी पचवून बसला होता. मग मी सहज विचारलं, दत्तक घेताना काय काय केलं? तो खुलला. म्हाताऱ्या लॉर्डने पणजोबाला मांडीवर बसवलं, भाऊबंदांनी संमती दिली, गावजेवण झालं. शिपाई तोंड फिरवून हसू लागले. इंग्रजांत असं काही नसतं म्हणून मी सांगितलं, तेव्हा त्याची मान खाली गेली. गोव्याच्या हॉटेलात काम करताना इंग्रजी शिकला होता. डोळे तेवढे खरे होते.

"फसवायला लई कष्ट न्हाई पडले साहेब," तो म्हणाला. "आपल्या माणसाला सतरा प्रश्न विचारतात. गोऱ्याच्या पणतूला एकबी न्हाई."

सोनं हस्तगत झालं, फसवणुकीचा आणि बनावट कागदपत्रांचा गुन्हा दाखल झाला. मुलीचा जबाब घेताना मी आवाज ओळखला. फोन तिचाच होता. तिच्यासोबत शिकलेला भोकरचा एक मुलगा, सरकारी अभियंता, तिला मागणी घालायला आला होता. बौद्ध घरचा, म्हणून वडिलांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं.

"वंशावळ खोटी निघाली म्हणून बाबा रडायलेत," ती म्हणाली. "खरी निघाली असती तर मला कुणी विचारलं असतं का?"

मी जबाबाचा कागद सहीसाठी तिच्याकडे सरकवला.

सोनं परत घ्यायला वडील आले, तेव्हा मी चहा मागवला. साहेब, तुम्ही देवासारखे धावून आलात, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग बशीत चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, "मूळ गाव कोणतं म्हणायचं तुमचं?"

इस्लापूरकडचं, मी म्हणालो.

"तसं न्हाई. पाव्हणे कुठले तुमचे?"

त्यांना काय हवं होतं ते मला कळलं. नोकरीभर ऐकलेला प्रश्न होता. मी सरळ सांगितलं, "आम्ही बौद्ध."

त्यांनी बशी खाली ठेवली. चहा गरम आहे म्हणाले आणि दागिन्यांची पिशवी काखेत मारून उठले.

भोकरच्या मुलाला त्या घरून पुन्हा बोलावणं गेलं नाही. आरोपीला शिक्षा झाली, तपासाबद्दल मला शाबासकीही मिळाली. पण तो भामटा आमच्यापेक्षा या माणसांना जास्त ओळखून होता, हे या प्रकरणाने मला शिकवलं. त्याला मी आत टाकू शकलो. त्याचं ज्यावर फावलं, ते मात्र माझ्यासमोर अर्धा चहा टाकून घरी गेलं.