स्टूल नेण्याआधी

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी औषधदुकानातली मावशी कात्रीने गोळ्यांची पट्टी कापत होती, तेव्हा संगणकवाल्या काकांची मुलगी स्टूल न्यायला आली. काकांना जाऊन महिना झाला होता. औषधदुकानांसाठी बिलांचा प्रोग्रॅम या भागात पहिल्यांदा त्यांनी लिहिला, तोही गॅरेजवरच्या खोलीत बसून. आता त्यांच्या कंपनीची मोठी इमारत होती. तिच्या दाराशी काचेच्या पेटीत त्यांच्या वस्तू मांडायच्या होत्या.

"चष्मा आहे, पहिला कीबोर्ड आहे. स्टूल तेवढं हवंय," मुलगी म्हणाली.

स्टूल गल्ल्यामागे होतं. एक पाय आखूड, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी. प्रोग्रॅम दुकानात आला त्या दिवशी काका याच स्टूलवर बसले आणि मावशी अडली की मध्येच हात घालून बटण दाबू लागले. शेवटी तिने त्यांच्या बोटांवर फुटपट्टी मारली. "रोज येणार आहात का माझं दुकान चालवायला?" काका ओशाळले. दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले आणि दुपारपर्यंत ब्र न काढता ती कुठे कुठे अडते ते बघत राहिले. मग परत जाऊन त्यांनी निम्मा प्रोग्रॅम नव्याने लिहिला.

पुढे तोच कंपनीचा शिरस्ता झाला. ज्याने लिहिलं त्याने स्टूलवर बसायचं. हात खाली, तोंड बंद. भल्याभल्यांना तिथे घाम फुटला. काका अंथरुणाला खिळल्यापासून मात्र इकडे कोणी फिरकलं नव्हतं. स्टूल पेटीत गेलं की शिरस्ताही गेला, हे मावशी जाणून होती.

"ने," ती म्हणाली. "पण आधी बसून बघ."

मुलगी बसली. एक आजोबा आले.

"फोन नंबर?" मावशीने विचारलं.

"तो मुलाला माहीत."

नंबराशिवाय संगणकाचा पडदा पुढे सरकेना. मुलीचा हात पुढे आला. मावशीने फुटपट्टीकडे नुसतं पाहिलं. हात मांडीखाली गेला. मावशीने सराईतपणे एक नंबर टाकला, बिल निघालं. पुढच्या बाईंनाही तोच नंबर, त्यामागच्या शाळामास्तरांनाही.

गर्दी ओसरल्यावर मुलीने विचारलं, "मावशी, हा नंबर कोणाचा?"

"दुकानाचा. तुमच्या नव्या प्रोग्रॅमच्या घशाखाली नंबराशिवाय काही उतरत नाही."

मुलगी कपाळाला हात लावून बसली. "आमचा सगळ्यात निष्ठावान ग्राहक म्हणून ऑफिसात याचं केवढं कौतुक चाललंय. शुभेच्छाही पाठवल्या आम्ही."

"पोचल्या. रक्तदाब, मधुमेह, वर बाळाच्या पोटदुखीचं औषध. तरी टिकलाय बिचारा."

मुलगी हसत सुटली. मग तिने ऑफिसला फोन लावला आणि पडद्यावरची नंबर मागणारी चौकट कोणी लिहिली, ते विचारून घेतलं.

"पेटीसाठी निदान फुटपट्टी तरी द्या," निघताना ती म्हणाली.

"ती मला लागते."

दुकान उद्याही नऊला उघडेल. चौकट लिहिणारा प्रोग्रॅमर तेव्हापासून दुपारपर्यंत स्टूलवर असेल.