क्वालालंपूरला सुटलेली मिल

दादाचा फोन आला तेव्हाच मी चपला शोधायला लागले, कारण दादा कधी फोन करत नाही. ते काम वहिनीचं. "मालू, तू ये जरा," म्हणाला, आणि मग, "शकू उठत नाहीये." इंदुरात बडा गणपतीपासून परदेशीपुऱ्यापर्यंत मी रिक्षावाल्याच्या मागे लागले होते, "भिया, जल्दी चलो ना!" आता घाई करून काय होणार होतं, पण तोंड गप्प बसेना. पोहोचले तर वहिनी पलंगावर शांत पडलेली. झोपेतच गेली. चेहरा असा, की आत्ताच कुणाला तरी टोमणा मारून कूस बदलली असावी. त्याला आता काही आठवडे झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं आली, तिच्याबद्दल चांगलं चांगलं बोलली, आणि मला सारखं वाटत राहिलं की खरी गोष्ट कुणी सांगितलीच नाही. ती त्यांना ठाऊकच नाही. म्हणून मी लिहितेय.

शकुंतला वहिनी महूची. आजोबा फौजेत होते, त्यामुळे घरात सगळ्यांच्या पाठी ताठ आणि जिभा त्याहून ताठ. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा दादा कापड मिलमध्ये विणाई खात्यात सांच्यावर, म्हणजे मागावर, होता. पुढे एका सकाळी तो पहिल्या पाळीला गेला आणि फाटकाला ताला. आदल्या दिवशी सगळे नेहमीसारखे कापूस झटकत, हसत-खिदळत घरी आले होते, कुणी काही बोललं नव्हतं. "उघडेल," सगळे म्हणाले. मग हळूहळू कुणी रिक्षा घेतली, कुणी नमकीनच्या कारखान्यात लागलं, कुणी गावी गेलं. दादा मात्र रोज डबा घेऊन फाटकापाशी जाऊन बसायचा. एक-दोन महिने नव्हे हो, वर्षानुवर्षं! आणि वहिनी रोज डबा भरून द्यायची. मी चिडायचे. "अगं, तू डबा देतेस म्हणून तो जातो!" यावर ती पोळी उलटत म्हणायची, "डबा नाही दिला तर उपाशी जातील. मग काय करू, बोल?" घर तिच्या शिलाईच्या मशीनवर चालायचं. चौकातली पोरं दादाला 'मॅनेजर साहब' म्हणायला लागली होती, तेही ती ऐकून घ्यायची. एकदाच, फक्त एकदा, मशीन थांबवून मला म्हणाली, "मालू, माणूस घरात जेवतो, झोपतो... पण घरी आलेला नाहीये गं. मला तो परत पाहिजे." मी तिच्या पुढ्यातलं कापड घडी करत बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली म्हणजे बघा.

गंमत अशी, की ज्या बदलत्या दिवसांनी मिलला ताला लावला, त्याच दिवसांनी दादा-वहिनीच्या पोराला, सुनीलला, कॉम्प्युटर शिकवून सिंगापूरला नोकरी लावली. सुनीलने आम्हाला तिकडे बोलावलं आणि जहाजाची सफर बुक करून टाकली. त्याला सुट्टी मिळेना. "आत्या, तुला ऑफिसची इंग्लिश येते, तू जा बरोबर." झालं! आम्ही तिघं जहाजावर. वहिनीने पिशवी भरून सेव आणलेली. जहाजवाल्यांच्या पांढऱ्या सॉसमधल्या भाज्यांवर मूठभर सेव पेरून ती खायची आणि शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या बाईलाही वाढायची. "घ्या हो, फिकं काय खाता?" बाई हसून खायची आणि पुन्हा मागायची. दादा काही बोलायचा नाही. पण जहाजाचा भोंगा वाजला, की ताडकन उठून चप्पल शोधायचा. पहिल्यांदा मी हसले. वहिनी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी जहाज बंदराला लागलं आणि आम्हाला बसमध्ये कोंबून क्वालालंपूर दाखवायला नेलं. गाइड तमिळ, मोडकं हिंदी बोलणारा, हातात पिवळी छत्री उभी धरून पुढे पळणारा. ते प्रसिद्ध दोन मनोरे पाहायला मान इतकी मागे करावी लागली की माझी पाठ धरली. राजाच्या वाड्याचं फाटक पाहिलं, पहारेकऱ्यांबरोबर फोटो काढला. दादा प्रत्येक ठिकाणी उतरायचा, उभा राहायचा, चढायचा. वहिनी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची, मनोऱ्यांकडे नाही. एवढ्या लांब आणलं, आता तरी काही दिसेल याला... ती आशा तिच्या डोळ्यांत मला दिसत होती.

परतताना गाइडने बस एका चॉकलेटच्या दुकानाशी थांबवली. आम्ही चॉकलेटं चाखत होतो, तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला. पलीकडच्या रस्त्याला कुठलासा कारखाना होता, त्याची पाळी बदलत होती. वळून बघते तर दादा नाही! धावत बाहेर आले. हा बाबा रस्ता ओलांडून सरळ कारखान्याच्या फाटकाकडे निघालेला, गर्दीच्या उलट, आणि फाटकावरचा पहारेकरी हात आडवा करून "नो, अंकल, नो" म्हणतोय. दादाचा हात शर्टाच्या खिशात गेला होता, पास काढायला. परक्या देशात, परक्या कारखान्याला आमच्या बंद मिलचा पास!

मला रडू आणि राग एकदमच आला. मागून गाइड ओरडतोय, "मॅडम, जहाज छूटेगा!" बस हॉर्न देतेय. मी दादाचा दंड धरून ओढणार, तेवढ्यात वहिनी मागून आली आणि माझा हात बाजूला केला. "थांब. बघू दे त्यांना." आम्ही तिघं त्या फाटकाशी उभे राहिलो. आतून बाया-माणसं येत होती, डोक्याला रुमाल बांधलेल्या, वेणीत फूल माळलेल्या, कुणी हसतंय, कुणी नुसतंच दमलेलं, सगळ्यांना घरी जायची घाई. दादा बघत राहिला. मग कितीतरी दिवसांनी पूर्ण वाक्यं बोलला.

"शकू, ही माणसं कशी सुटतायत बघ. आम्ही अशी सुटलोच नाही. त्या दिवशी आलो ना बाहेर, ते शेवटचं आहे हे कुणी सांगितलंच नाही. नाहीतर मी जरा... सांच्याला हात लावून आलो असतो. सगळ्यांना रामराम केला असता. मी अजून आतच आहे गं."

एवढी वर्षं आम्हाला वाटलं, हा फाटक उघडायची वाट बघतोय, आत जायची. त्याला तर बाहेर यायचं होतं.

वहिनीने डोळे पुसले नाहीत की काही नाही. रस्त्याच्या अलीकडे आली, वळून उभी राहिली, पदर खोचला, आणि तिथून हाक मारली, "या!" दादा त्या गर्दीत मिसळून, त्या माणसांबरोबर चालत आला. पूर्वी मजुरांच्या चाळीत संध्याकाळी प्रत्येक दारात एक प्रश्न असायचा. माणूस परतलेला समोर दिसत असला तरी विचारायचाच, अशी रीत. ताला लागल्यापासून वहिनीने तो विचारला नव्हता, काय म्हणून विचारणार? त्या दिवशी विचारला.

"सुटली का मिल?"

दादा तिच्यासमोर थांबला. खिशावरचा हात खाली घेतला. मग म्हणाला, "सुटली." आणि तिथेच, भर रस्त्यात, लहान मुलासारखा रडला. तिने त्याचा हात धरून बसमध्ये चढवलं. आतले लोक कुरकुरत होते. गाइड तर लालबुंद. वहिनी त्याला म्हणाली, "भिया, नाराज मत हो. इनकी मिल आज छूटी है." त्याला काय कळलं देव जाणे, पण छत्री मिटून तो मुकाट्याने पुढे जाऊन बसला. जहाज काही आम्हाला टाकून सुटलं नाही.

इंदूरला परतल्यावर दादा एकदाच फाटकाशी गेला, हात जोडले, आणि दुसऱ्या दिवशी एका होजिअरीवाल्याकडे माल मोजायला लागला. नंतर कधी फाटकाकडे फिरकला नाही. आणि वहिनी रोज संध्याकाळी दारात. दुकान असो, गोदाम असो, ती विचारणार तेच, आणि तोही तेच उत्तर देऊन मग चपला काढणार. सुना-नातवंडं हसायची. मीसुद्धा चिडवायचे, "काय गं, तुमची मिल रोज सुटते?" ती म्हणायची, "हौ, रोज सुटते. जळतेस का?" जळत होते, खरं सांगते. असं दारात उभं राहून कुणी माझी वाट पाहिली नाही.

पुण्यानुमोदन झाल्यावर दादा परवा पहिल्यांदा कामावर गेला. मी त्याच्याकडेच राहिले होते. संध्याकाळी चहा ठेवला आणि दार उघडं टाकलं. तो आला, उंबऱ्याबाहेर थांबला. पायात चपला तशाच, हातात पिशवी. "ये ना आत, दादा," मी म्हटलं. हलला नाही. मला कळलं तो कशासाठी थांबलाय. प्रश्न माझ्या ओठांवर आला होता... पण तो तिचा होता हो. माझ्या तोंडून निघेना. चहा उतू गेला, मी गॅस बंद केला, तरी तो उभाच.

मग त्याने पलंगाकडे पाहिलं, हळूच म्हणाला, "सुटली, शकू," आणि चपला काढून आत आला.