चौदा महिने कुठे होतात, बाई?

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि उजवीकडे वरच्या बाजूला बोट ठेवलं. "इथे कॅव्हिटी आहे," ते म्हणाले. कॅव्हिटी म्हणजे फुफ्फुसात पडलेली पोकळी. "टी.बी. आहे, बाई. औषध आहे, बरा होतो. पण शाळा बंद."

टी.बी. म्हणजे क्षय, हे मला ठाऊक होतं. तरी मला त्यातलं 'शाळा बंद' एवढंच ऐकू आलं. मरणाची आठवण नंतर परतीच्या मोटारीत बसल्यावर झाली, आणि मग मी जी रडायला लागले ती घर येईपर्यंत थांबले नाही.

जिल्हा परिषदा व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी महागावला मुलींना शिकवत होते. दोन महिने रोज संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, पोलक्याच्या बाह्या सैल झाल्या होत्या, आणि मी म्हणायची, खडूच्या भुकटीनं खोकला येतो. शिकलेल्या बाईचं शहाणपण! रुमालावर रक्त दिसलं तेव्हा कुठे यवतमाळ गाठलं.

तीन महिने यवतमाळला खोली घेऊन राहिले, रोज एक स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. हे क्षयाचे जंतू मारणारं औषध. त्यानं कानात किर्र आवाज येई आणि चालताना भिंत धरावी लागे. शिवाय आय.एन.एच.च्या गोळ्या, आणि पी.ए.एस.च्या पुड्या, ज्या पोटात ठरत नसत.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही बायका एकमेकींना ओळख देत नसू. एकदा ढाणकीकडची एक बाई शेजारी बसली. मी विचारलं, "कायले आल्या?" ती म्हणाली, "डोळे दाखवाले." आणि पदरात तोंड खुपसून खोकली. मी हसले नाही. मीही घरमालकिणीला कंबरदुखी सांगून आले होते.

चौदा महिन्यांनी स्पुटम निगेटिव्ह आलं. स्पुटम म्हणजे थुंकी, निगेटिव्ह म्हणजे तिच्यात जंतू सापडले नाहीत. डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं आणि बजावलं, "आता काम करा. पण गोळ्या अजून वर्षभर, आणि तीन महिन्यांनी छातीचा फोटो काढायला यायचंच. बरं वाटतं म्हणून हयगय कराल तर दुखणं उलटेल. मग पोरींनाही तुमच्यापासून होईल."

माझी जुनी जागा भरली गेली होती. नवी नोकरी मागायला गेले त्या पहिल्या शाळेत मी खरं सांगितलं. हेडमास्तरांनी खुर्ची मागे घेतली आणि माझं सर्टिफिकेट फूटपट्टीनं ढकलत माझ्याकडे परत सरकवलं.

घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "पुढच्या खेपेले बाळंतपण होतं म्हणून सांग. बाईमाणसाले त्याच्यापुढं कोणी काही विचारत नाही."

पुरुषांनी विचारलं नाही, हे खरं. उमरखेडकडच्या एका गावात नव्या शाळेच्या अध्यक्षांच्या ओसरीवर मुलाखत झाली. "चौदा महिने कुठी होत्या, बाई?" मी म्हणाले, "बाळंतपण होतं." त्यांनी मान खाली घालून लिहून घेतलं. तेवढ्यात त्यांच्या मंडळी चहा घेऊन आल्या. त्यांना सगळा गाव काकू म्हणायचा. त्यांनी विचारलं, "मंग लेकरू कोणापाशी ठिवून आल्या?"

एवढा विचार आम्हा दोघा शहाण्यांनी केलाच नव्हता. "नाही राहिलं," मी म्हणाले.

काकूंनी चहा खाली ठेवला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. नोकरी तिथल्या तिथे मिळाली.

मी त्या गावात एकटीच खोली घेऊन राहिले, आणि काकू आठवड्याला माझ्या खोलीवर यायला लागल्या. "पोरगं होतं का पोरगी?" मी म्हणाले, पोरगी. त्यांचीही एक पोरगी सव्वा महिन्याची होऊन गेली होती. त्या रडायच्या, मीही रडायची. माझं रडणं खोटं नव्हतं. डॉक्टरांनी तीन वर्षं मूल होऊ देऊ नका म्हणून सांगितलं होतं, आणि तीन वर्षांनी तरी मी असेन की नाही, याचीच मला धास्ती होती.

फोटोची वेळ आली. यवतमाळला जायचं तर रजा हवी, रजेला कारण हवं. आधीचं खोटं उघडं पडेल या भीतीनं मी वेळ टाळली. दसऱ्यानंतर खोकला सुरू झाला. मी फळ्याकडे तोंड करून खोकायची आणि वळले की आधी पुढच्या बाकावरच्या पोरींचे चेहरे बघायची. कोणी शिंकली तरी तिला खिडकीपाशी नेऊन बसवायची.

अध्यक्षांची लेक बाळंतपणाला आली होती. बारशाला काकूंनी बोलावलं आणि मी नको नको म्हणत असताना बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. "राहू द्या घटकाभर. जीव निवंल तुमचा."

बाळाचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभरावर होतं. मी श्वास धरला. घशात खवखवायला लागलं. आयुष्यात मी इतकी कधी भ्याले नव्हते, रक्त पाहिलं तेव्हाही नाही.

"काकू, घ्या हिले. लवकर घ्या."

"काहून वं?"

"मले टी.बी. झालता. म्हणून घरी होती. लेकरू झालंच नव्हतं."

काकूंनी बाळ उचललं आणि आत गेल्या. ओसरीवरच्या बायका माझ्यापासून लांब सरकल्या. अध्यक्ष बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "डॉक्टरचा कागद आणा. तोवर शाळेत येऊ नका."

दुसऱ्या दिवशी यवतमाळ. फोटो निघून हाती येईपर्यंत मी त्याच बाकावर बसून होते आणि कोणी विचारलं तर टी.बी. म्हणून सांगत होते. डॉक्टर म्हणाले, "जुना व्रण आहे, नवीन काही नाही. थुंकीही साफ आहे. खोकला नुसता घशाचा आहे. पण वाचलात ते तुमचं नशीब म्हणून. पुन्हा वेळ चुकवू नका."

ज्यांना उद्या असंच कोणी विचारेल, त्यांना मी काय सांगू? खरं बोलून माझी एक नोकरी हुकलीच. पण खोटं बोलून मी माझा फोटो चुकवला आणि वर्गभर पोरींचा जीव धोक्यात घातला. नोकरी दुसरी मिळते.

अध्यक्षांनी कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "सोमवारी या." मी जायला वळले तर दारात काकू. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

"पितरात मी तुह्या पोरीच्या नावानं पान वाढलं होतं," त्या म्हणाल्या. "माह्या पोरीच्या पानाच्या बाजूले. आता थे कोणाले पोचलं असंन?"

मला रडू फुटलं. "तुमच्या पोरीनंच दोन्ही पानं खाल्ली असतीन, काकू," मी कशीबशी म्हणाले.

"खादाड होतीच थे," काकू म्हणाल्या, आणि नातीला आणायला आत गेल्या.