ऑलिम्पियाच्या मैदानात आईंना खो

शिकागोजवळच्या शॉमबर्गहून निघताना माझ्या बॅगेत पासपोर्टांपेक्षा गुडघ्याचे पट्टे जास्त होते. सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. फिजिओथेरपिस्टने हलकं पळायला परवानगी दिली होती, मी नाही. आई शाळेत असताना सांगलीच्या खो-खो संघात होत्या. क्रूझच्या कार्यक्रमात ग्रीसमधलं ऑलिम्पिया दिसताच त्यांनी जाहीर केलं, “त्या मैदानात मी पळणार. या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

“आई, जपून,” मी म्हणाले. वर्षभर मी दुसरं काही म्हणतच नव्हते.

शिकागो ते अथेन्स विमान, तिथून जहाज. शाकाहारी असाल तर वेटरला पहिल्याच जेवणाला सांगून ठेवा, मग आबाळ होत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काताकोलो बंदर आलं. इथे जहाजाची टूर घेऊ नका. बंदराबाहेर बस मिळते, बरीच स्वस्त, आणि पाऊण तासात ऑलिम्पियाला पोचवते. फक्त परतीची वेळ पक्की विचारा, कारण जहाज कुणासाठी थांबत नाही.

झ्यूसच्या देवळाचे खांब भूकंपात पडले ते तसेच आहेत, मुळ्याच्या चकत्या केल्यासारखे, आणि एकेक चकती माझ्याहून उंच! पुढे दगडी कमानीतून मैदान लागतं, जवळजवळ दोनशे मीटर लांब. धावपटू उभे राहायचे ती दगडी रेघ अजून शाबूत आहे. लग्न झालेल्या बायकांना इथे बघायलाही बंदी असायची, हे मी वाचून दाखवलं.

“मग तर पळायलाच हवं,” म्हणत आई रेघेवर उभ्या राहिल्या. आणि हलेचनात.

“आजी, गो!” माझी अकरा वर्षांची लेक इरा ओरडली. तरी नाहीच.

“राहू द्या आई, फोटो काढूया.”

मागे न वळता त्या म्हणाल्या, “खो मिळाल्याशिवाय उठायचं नसतं. आणि तो तू द्यायचास. वर्षभर तूच बसवून ठेवलंयस ना मला?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी लांबूनच पुटपुटले, “खो.”

“फाउल! पाठीला हात लागला पाहिजे.”

मग मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, “खो!”

आई सुटल्या. निम्म्यात वेग मंदावला, हात गुडघ्यावर गेला. मी धावणार तोच इराने मला धरलं, “ममा, डोन्ट! शीज गॉट धिस!” आई थांबल्या नाहीत. पलीकडच्या रेघेवर पाय ठेवून त्यांनी दोन्ही हात वर केले, तेव्हा गवताच्या उतारावरचे अनोळखी लोक टाळ्या वाजवत उठले. मी हमसून रडत होते, आणि इतका अभिमान मला स्वतःच्या कुठल्याही यशाचा वाटलेला नाही.

घरी येऊन तीन आठवडे झालेत. रोज सकाळी आई बूट घालून माझ्याकडे पाठ करतात, मी खो देते आणि घराजवळच्या तळ्याला चक्कर मारायला त्या निघतात. “जपून” अजूनही ओठांवर येतं, ते गिळते. पण नियम म्हणजे नियम, खो देणाऱ्याने उठलेल्याच्या जागी बसायचं. ऑपरेशननंतर त्यांच्यासाठी घेतलेल्या आरामखुर्चीत बसून मी हे लिहितेय.