भंतेजी गप्प बसले की

"सून गुणाची आहे बघ. काहीही विचारा, गप्प बसते. म्हणजे हो!"

सासूबाई फोनवर लातूरच्या मावशींना सांगत होत्या. मी दाराआड, हातात वाळलेले कपडे. त्या 'हो'मध्ये माझी चाकणची नोकरी गेली होती. रहाटणीहून येण्याजाण्यातच दिवस जातो, तेव्हा महिनाअखेरीला सोडून दे, असं आदल्या दिवशी जेवताना ठरलं. मी गप्प होते, हे खरं.

न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. आमच्या घरातले बहुतेक एका जर्मन माणसाचे आहेत.

*

मार्कुस चाकणला आला तो मशीन बसवायला. बाबा, म्हणजे माझे सासरे, त्याच कंपनीत मेंटेनन्सला. त्यांनी त्याला बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात खीर खायला नेलं. पुढं मशीन सुरू झालं, बाकीचे जर्मन परत गेले, हा मात्र विहारातच! शेवटी नोकरी सोडली, मुंडण केलं, चीवर घेतलं आणि मार्कुससाहेबांचे भंतेजी झाले.

शिफ्टमधली पोरं बाबांना विचारायची, "काका, खिरीत घातलं तरी काय होतं?"

बाबा म्हणायचे, "वेलची."

*

विहारातली रीत अशी, की भंतेंना जेवायचं आमंत्रण दिलं तर ते 'हो' म्हणत नाहीत. नुसते गप्प बसतात. मौन हाच होकार. नव्या भंतेजींना ही रीत दुसऱ्या कुणीतरी सांगितली असेल, असं प्रत्येकाला वाटलं!

मराठी तेव्हा त्यांना येत नव्हतं. एकाच रविवारसाठी तीन बायकांनी बोलावलं, ते तिघींपुढे गप्प. तीन घरी पुरण शिजलं. त्यात भिक्खूंनी दुपारी बारानंतर जेवायचं नसतं, म्हणजे तिन्ही जेवणं बाराच्या आत!

तिसऱ्या घरी, म्हणजे आमच्याकडे, भंतेजी आयुष्यातला पहिला मराठी शब्द बोलले. "बास."

"लाजायलेत बिचारे," म्हणत सासूबाईंनी आणखी एक पोळी वाढायला लावली.

*

लग्नानंतर मी वंदनेला गेले, तोवर त्यांचं मराठी माझ्या नवऱ्यापेक्षा स्वच्छ झालं होतं. त्यांनी विचारलं, "काय काम करता?" सासरी आल्यापासून हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

म्हटलं, "क्वालिटीत आहे. चुकलेले पार्ट शोधून बाजूला काढते."

"मीपण," भंतेजी म्हणाले. "माझेच."

मागून सासूबाई माझ्या नवऱ्याला कोपर मारत म्हणाल्या, "अगंबाई, राहुल, बोलली की रे ही!"

*

मग भंतेजी धम्म शिकवायला जर्मनीत आपल्या गावी परत गेले. तिथं एका शाळेचा हॉल मिळाला. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "ध्यान पाच वाजता संपेल." पाचला सगळे न बोलता उठले आणि निघून गेले. भंतेजींचे डोळे मिटलेलेच. उघडले तेव्हा हॉलला बाहेरून कुलूप!

राहुलनं विचारलं, "अहो, पण चावीवाल्यानं तरी बघायचं ना?"

"तोही पाचला उठला," भंतेजी म्हणाले. "फार शिस्तीचे विद्यार्थी आहेत."

*

हे सगळं ते रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सांगतात. राहुल मोबाइल टीव्हीला जोडतो, भंतेजी हॉलभर दिसतात, आणि आम्ही खाली चटईवर.

गेल्या रविवारी ते आपल्या आईकडचा किस्सा सांगत होते. आईनं साडेअकराला विचारलं, "जेवणार ना?" भंतेजी सवयीनं गप्प बसले. आईनं शांतपणे ताट उचलून ठेवलं.

"बारा वाजून गेले. मग दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी!"

सासूबाई कळवळल्या. "अगं माय! असं कसं केलं त्यांनी?"

"आई म्हणाली, नको असलं की तू लहानपणापासून असाच गप्प बसतोस. आमच्याकडे गप्प म्हणजे नाही."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. मी ग्लास परत घेत होते, तेवढ्यात सासूबाईंना एकदम आठवलं.

"उद्या राजीनामा देतीस ना गं?"

मी गप्प.

"झालं तर मग," म्हणत त्या टीव्हीकडे वळल्या.

मी ग्लास खाली ठेवला.

"आई, माझं गप्प बसणं जर्मनीतलं आहे."