केबिनचं डावं दार

भूतखेत, करणी, अंगात येणं… यातलं मी जन्मात काही मानलं नाही. ट्रकला लिंबू-मिरचीसुद्धा आमची मंडळी बांधायची, मी नाही. चौथी शिकलेला माणूस आहे, घडलं तसं लिहितो.

गाव इस्लामपूरजवळ. माझी सहाचाकी जुनी, सांगलीच्या मार्केटला गूळ-हळद वाहते. गावातून निघालं की कॅनॉलचा पूल, त्याला लागून आमचं रान. बायको शालन रोज सकाळी खुरपं आणि भाकरीचं गठुळं घेऊन केबिनमध्ये डाव्या बाजूला बसायची, पुलावर उतरायची. स्टार्टर कमजोर, म्हणून मी इंजिन बंद करत नव्हतो.

"आवं, जरा बंद करा की. शेरडागत उडी मारायला लावताय."

"उतर, उतर. सौदं सुरू व्हत्याल."

दार आपटून जायची.

हळद काढणीच्या दिवसांत ती गेली. साध्या तापाचं निमित्त. दिवसकार्य उरकून गाडी बाहेर काढली, तर पुलावर दोन झटके दिले आणि बंद. डिझेल लाइनीतली हवा काढली, चालू झाली. सांगलीपर्यंत नीट. येताना त्याच पुलावरून बिनतक्रार घरी. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. भरलेली असो, रिकामी असो — जाताना पुलावर बंद.

दादू मिस्त्री माझा जुना दोस्त. त्यानं फिल्टर बदलला, टाकी धुतली, पायपा नव्या टाकल्या, टाकीतलं डिझेल ओढणारा फीड पंप बदलला, नोझल खोलले. मग मोटरसायकलवर माझ्या मागून आला. पुलावर गाडी बंद.

"गड्या, गाडीत दोष न्हाई," तो म्हणाला. "आता तुझंच इंजिन खोलून बघू का?"

शेजारच्या रानातली यशोदा म्हैस चारत उभी होती. शालनची जोडीदारीण. ती म्हणाली, "भावजी, अक्का हितंच उतरायची. गाडीच्या ध्यानात हाय, तुमच्या न्हाई."

दादू हसला. मी म्हणालो, "तुझी म्हैस बघ."

पण दुसऱ्या दिवशी पुलावर आपण होऊन थांबलो. इंजिन बंद केलं. सरकून डावं दार उघडलं. ओल्या गवताचा वास आत आला, बाकी काही नाही. दार लावून चावी मारली… त्या मेलेल्या स्टार्टरवर गाडी एका दमात चालू. पुढं एक झटका नाही.

मग रोजचंच झालं. थांबायचं, दार उघडायचं, एक बिडी संपेपर्यंत बसायचं. काय बोलायचो ते लिहीत नाही.

एकदा गूळ भरला होता आणि आभाळ आलं होतं. ताडपत्री फाटकी. म्हटलं, आज थांबत नाही, बंद पडली तर तेव्हा दार उघडू. पूल आला. पूल गेला. गाडी बंद पडलीच नाही. मी आरशात बघत राहिलो, पण मागं फिरलो नाही. गूळ भिजला असता ना.

तेव्हापासून गाडी कुठंच बंद पडत नाही. थांबून बघितलं, न थांबता बघितलं. शेवटी दादूकडं गेलो. म्हटलं, "जुना फीड पंप हाय का? परत बसव."

"नीट चालल्याली गाडी बिघडवून मागतुयास व्हय?"

"व्हय."

त्यानं भंगारातनं पंप शोधून आणला आणि बसवला. त्या पंपावरही गाडी नीटच चालली.

दादू म्हणतो, कुठंतरी लाइन हवा धरत असणार, चालून चालून आपोआप नीट बसली. असंल. पण मग पुलावरच का, आणि जातानाच का?

मला एवढंच उमगत नाही… न थांबता गेलो त्या दिवशी ती गाडीत बसलीच नव्हती, का बसली होती आणि मी उतरू दिलं नाही.