कानाची पाळी

माझी आई कलावंतीण. कल्याणच्या बैठकींत गायची. ठाण्यात हे कुणाला ठाऊक नव्हते, म्हणून तर टेंभीवरच्या वकिलांकडे मी पेटीमास्तर होतो. कळले असते तर दुसऱ्या दिवशी शिकवण्या बंद.

वकिलांच्या मुलीला मी आईनेच बांधलेली एक चीज शिकवली होती. कलेक्टरच्या मडमेपुढे वकिलांच्याच दिवाणखान्यात बड्या घरची मुले गाणार-वाजवणार असे ठरले, तेव्हा आई म्हणाली, "घरंदाज मुलीच्या तोंडून एकदा ऐकू दे मला. आणि चीज कुणाची ते सांगशील ना रे? नाव घेशील माझं?"

मी हो म्हटले. आगगाडीने तिला ठाण्याला आणले आणि "ही आमची स्वयंपाकीण" म्हणून तिच्यादेखत मोलकरणींत, मागच्या दाराशी बसवले. तिने पदर कपाळावर ओढून घेतला.

आधी मामलेदारांचे चिरंजीव सतार घेऊन बसले. तारा लावायला पाव तास, वाजवायला दोन मिनिटे, आणि तेवढ्यातही दोनदा घसरले. तीर्थरूपांची मान भलत्याच मात्रेवर डोलत होती. चिकाच्या पडद्याआड आईसाहेबांचे "बघा, बघा" चालले होते. असल्या कौतुकाची मला तेव्हाही चीड होती, आजही आहे.

वकिलांची मुलगी मात्र गोड गायली, खोटे कशाला बोलू! वकिलांचे डोळे भरून आले. "याला म्हणतात सुधारणा!" कुणीतरी म्हणाले. यांतल्याच दोघांना मी लहान असताना आमच्या कल्याणच्या माडीवर लोडाला टेकून हीच चीज ऐकताना पाहिले होते. तेव्हा तिला सुधारणा म्हणत नव्हते.

वकिलांनी विचारले, "मास्तर, चीज कुणाची?"

गाणाऱ्यांत गुरूचे नाव घेताना कानाची पाळी धरायची रीत आहे. मी पाळी धरली आणि तोंडाला आले ते एका उस्तादाचे नाव ठोकून दिले. असा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता. माझे पाहून मुलीनेही कान धरला. "वळण कसं लावलंय पाहा!" म्हणून सगळे खूश.

मी मागच्या दाराकडे पाहिले. जन्माची सवय, उस्तादाचे नाव कानावर पडताच आईचाही हात कानाला गेला होता.

परतताना ती एवढेच म्हणाली, "पोरीचा आवाज चांगला आहे. नीट शिकव."

शिकवणी टिकली. आई त्यानंतर माझ्यासमोर कधी गुणगुणलीसुद्धा नाही.